नळापर्यंतची वाट: एका पाणीपुरवठा प्रकल्पातील दिव्यांगांच्या सहभागाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण आंतरराष्ट्रीय निधीतून चाललेल्या एका ग्रामीण पाणीपुरवठा व स्वच्छता प्रकल्पाचे आहे. देश, संस्था आणि व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांची नावे व ठावठिकाणा येथे दिलेला नाही. भर आहे तो घटना कोणत्या क्रमाने घडल्या आणि कोणता निर्णय कोणत्या कारणाने घेतला गेला यावर. निधी एका परदेशी सरकारचा, तो खर्च करण्याची जबाबदारी एका आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेची, जिल्ह्यात प्रत्यक्ष काम करणारी एक स्थानिक संस्था आणि सर्वांत खाली गावोगावच्या पाणी समित्या, अशी रचना होती. डोंगरउतारावर विखुरलेल्या वस्त्यांत सार्वजनिक नळकोंडाळी उभारणे, शाळा व आरोग्य केंद्रांत शौचालये बांधणे आणि समित्यांना देखभालीचे प्रशिक्षण देणे ही प्रकल्पाची मुख्य कामे होती.

मूळ प्रस्तावात दिव्यांगांचा उल्लेख एकाच वाक्यात होता: महिला, मुले, वृद्ध आणि दिव्यांग यांच्या गरजांकडे विशेष लक्ष दिले जाईल. या वाक्यासाठी अंदाजपत्रकात रक्कम नव्हती, बांधकामाच्या नकाशांत त्याचा मागमूस नव्हता आणि ते पाळले गेले की नाही हे तपासण्याचा निकषही ठरलेला नव्हता. तरीही निधी देणाऱ्या सरकारच्या नोंदीत प्रकल्पाला दिव्यांग समावेशनाच्या निर्देशकावर १ गुण मिळालेला होता. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या विकास साहाय्य समितीने २०१८ मध्ये आणलेला हा निर्देशक ऐच्छिक आहे. समावेशन हे प्रकल्पाचे मुख्य उद्दिष्ट असेल तर २, महत्त्वाचे पण मुख्य नसलेले उद्दिष्ट असेल तर १ आणि ते उद्दिष्टांत बसतच नसेल तर ० असे गुण त्यात दिले जातात. हा गुण कागदावर लिहिलेल्या हेतूला मिळतो. जाणकारांना ही मर्यादा ठाऊक असते. पण १ हा आकडा एकदा नोंदला गेला की पुढच्या प्रत्येक आढाव्यात हा विषय हाताळून झाला आहे असे गृहीत धरले जाते, आणि या प्रकल्पाच्या सुरुवातीच्या काळात तेच घडले.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेला आणि ३ मे २००८ पासून लागू झाला. निधी देणारा आणि घेणारा असे दोन्ही देश त्याला बांधील होते. कराराच्या कलम ३२ नुसार आंतरराष्ट्रीय सहकार्य, त्यातील विकास कार्यक्रमांसह, दिव्यांगांना सामावून घेणारे आणि त्यांना वापरता येईल असे असले पाहिजे. कलम ४ च्या तिसऱ्या उपकलमाने दिव्यांगांशी संबंधित निर्णयांत त्यांच्या प्रातिनिधिक संघटनांशी सल्लामसलत करण्याचे बंधन घातले आहे. पाणी क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या समोर मात्र रोजच्या कामात हा करार नसतो, संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी सहावे, म्हणजे पाणी व स्वच्छतेचे, उद्दिष्ट असते. शिक्षण, रोजगार, विषमता, शहरे आणि आकडेवारी यांविषयीच्या उद्दिष्टांत दिव्यांगांचा नावानिशी उल्लेख आहे. पाणी व स्वच्छतेच्या उद्दिष्टात तो नाही. तेथे महिला व मुलींबरोबर ‘असुरक्षित परिस्थितीतील’ लोक एवढेच म्हटले आहे. ही उणीव मला किरकोळ वाटत नाही, कारण अभियंत्याच्या हाती जो मसुदा पडतो त्यात जे लिहिलेले नसते ते सहसा बांधलेही जात नाही.

समस्या कशी समोर आली

पायाभूत सर्वेक्षणात कुटुंबप्रमुखाला ‘तुमच्या घरात कोणी अपंग आहे का?’ असा एकच प्रश्न विचारण्यात आला होता. आलेल्या उत्तरांनुसार कित्येक वस्त्यांत एकही दिव्यांग व्यक्ती नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास १६ टक्के, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगतात. एखाद्या भागात हे प्रमाण कमी असू शकते, पण वस्तीमागून वस्तीत शून्य हे उत्तर पटण्याजोगे नव्हते. स्थानिक संस्थेच्या देखरेख अधिकारी बाईंनी अहवालात तशी शंका नोंदवलीही होती. पाणी समित्यांनी दिलेल्या याद्याही तेच सांगत असल्यामुळे ती शंका मागे पडली.

पहिल्या टप्प्यातील नळकोंडाळी सुरू झाल्यावर जिल्ह्यातील दिव्यांगांच्या एका स्वयंसाहाय्य गटाचे पत्र स्थानिक संस्थेकडे आले. गटाची नोंदणी झालेली नव्हती आणि त्यातील बहुतेक सदस्य मोलमजुरी करणारे होते. पत्राची भाषा सौम्य होती, तक्रार मात्र नेमकी होती. ओटा ६० सेंटीमीटर उंच असून त्याला तीन पायऱ्या आहेत आणि धरायला कठडा नाही. तोटी गोल फिरवावी लागते, त्यामुळे बोटांत जोर नसलेल्यांना ती उघडता येत नाही. ओट्याभोवतीची सांडपाण्याची नाली उघडी आहे आणि पांढऱ्या काठीने चालणाऱ्याला ती पाय आत गेल्यावरच कळते. पुढच्या टप्प्यातले नकाशे बांधकामाआधी आम्हाला दाखवाल का, अशी विचारणा पत्राच्या शेवटी होती.

या तक्रारीमुळे प्रकल्पाच्या मोजमापातील एक मूळचीच फट दिसू लागली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या संयुक्त देखरेख कार्यक्रमानुसार सुधारित स्रोतावरून, म्हणजे बांधणीमुळे बाहेरच्या घाणीपासून सुरक्षित राहू शकणाऱ्या स्रोतावरून, पाणी आणण्यास, जाणे-येणे आणि रांग धरून, ३० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नसेल तर त्या कुटुंबाला मूलभूत सेवा मिळते असे मानले जाते. मोजणीचे एकक कुटुंब आहे. घरातील एक धडधाकट व्यक्ती वीस मिनिटांत पाणी घेऊन येत असेल तर ते घर सेवेखाली आले. त्याच घरातील चालता न येणाऱ्या व्यक्तीला ते पाणी केव्हा मिळते, किती मिळते आणि कोणाला विनवून मिळते हे त्या आकड्यात येत नाही. गटातील एका सदस्य बाईंनी पुढे सांगितले, की घरातील माणसे कामावर गेल्यावर शौचालयापर्यंत नेणारे कोणी नसते, म्हणून त्या सकाळपासून पाणी पिणेच टाळतात. त्यांचे घर प्रकल्पाच्या यादीत ‘सेवा पोहोचली’ या रकान्यात होते.

पहिला निर्णय: मोजणी पुन्हा करायची का, आणि कशी

संस्थेपुढे तीन मार्ग होते. पाणी समित्यांच्या याद्या तशाच ठेवून त्यांत गटाने सुचवलेली नावे जोडायची, हा सर्वांत स्वस्त मार्ग होता. सरकारी अपंगत्व प्रमाणपत्र असलेल्यांनाच धरायचे, हा दुसरा; त्यात वाद कमी झाले असते, पण प्रमाणपत्रासाठी शहरात खेटे घालणे ज्यांना जमलेले नाही ते सगळे वगळले गेले असते, आणि सर्वाधिक अडचणीत असलेले बहुधा तेच. तिसरा मार्ग वॉशिंग्टन गटाच्या प्रश्नसंचाने घरोघरी नव्याने विचारण्याचा. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या छत्राखाली २००१ मध्ये स्थापन झालेल्या या गटाचा लघुसंच सहा प्रश्नांचा आहे: पाहणे, ऐकणे, चालणे किंवा पायऱ्या चढणे, लक्षात ठेवणे किंवा एकाग्र होणे, स्वतःची रोजची कामे करणे आणि इतरांशी संवाद साधणे यांत किती अडचण येते. उत्तरे चारच आहेत, अजिबात अडचण नाही, थोडी अडचण आहे, खूप अडचण आहे, मुळीच करता येत नाही. आणि निदान एका प्रश्नाला ‘खूप अडचण’ किंवा त्यापुढचे उत्तर आले की ती व्यक्ती मोजणीत धरली जाते. प्रश्न विचारताना अपंगत्वाचा उच्चारही करायचा नसतो, त्यामुळे लाज, भीती किंवा ‘म्हातारपणी असं व्हायचंच’ ही समजूत उत्तराच्या आड कमी येते.

संस्थेने तिसरा मार्ग निवडला. निर्णय योग्य होता, पण अंमलबजावणीच्या पहिल्या आठवड्यात तो जवळजवळ वाया गेला होता. सर्वेक्षक प्रश्न वाचून दाखवण्याऐवजी ओळखीच्या सुरात विचारत होते: ‘आजोबांना नीट दिसतं ना?’ अशा प्रश्नाला उत्तर ‘हो’ येणारच. काही जण उत्तराचे चार पर्याय वाचतच नव्हते आणि चेहऱ्यावरून अंदाज बांधून खूण करत होते. बहुतेक ठिकाणी कुटुंबप्रमुख घरातल्या सगळ्यांच्या वतीने उत्तरे देत होता. देखरेख अधिकारी बाईंनी काम थांबवून प्रशिक्षण पुन्हा घेतले, आणि या वेळी सरावासाठी स्वयंसाहाय्य गटातील सदस्यांना बोलावले. समोर बसलेल्या अंध व्यक्तीला ‘चष्मा लावूनही पाहण्यात अडचण येते का?’ हा प्रश्न शब्दशः विचारताना सर्वेक्षक चाचरत होते. हा संकोच प्रशिक्षणातच गेल्यामुळे पुढची मोजणी भरवशाची झाली. नव्या मोजणीत दिव्यांग म्हणून धरल्या गेलेल्यांची संख्या जुन्या यादीच्या कित्येक पट निघाली, आणि त्यात वयस्कर स्त्रियांचा वाटा ठळक होता.

या पद्धतीच्या मर्यादा अहवालात स्पष्ट लिहायला हव्या होत्या, त्या तितक्याशा लिहिल्या गेल्या नाहीत. सहा प्रश्नांच्या लघुसंचात चिंता किंवा नैराश्य यांविषयी काही विचारले जात नाही. त्यासाठी वॉशिंग्टन गटाचे विस्तारित संच आहेत. लहान मुलांसाठीही हा संच पुरेसा नाही. २ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी युनिसेफसह तयार केलेली वेगळी प्रश्नावली २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली असून ती आईला किंवा मुलाची मुख्य काळजी घेणाऱ्याला विचारायची असते. शाळांतील शौचालये बांधणाऱ्या प्रकल्पाने ती वापरली नाही, यासाठी वेळेची कमतरता हे एकच कारण पुढे केले गेले, आणि ते मला पुरेसे वाटत नाही.

दुसरा निर्णय: कोणाशी बोलायचे

राजधानीत दिव्यांगांचा एक राष्ट्रीय महासंघ होता. त्याचे कार्यालय होते, लेखापरीक्षण झालेले हिशेब होते आणि परदेशी संस्थांशी बोलण्याचा अनुभव होता. ज्याच्या पत्रामुळे हे सारे सुरू झाले त्या जिल्हा गटाकडे यांपैकी काहीच नव्हते. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २०१८ मध्ये काढलेल्या सातव्या सामान्य भाष्यात, म्हणजे करारातील कलमांचा अर्थ स्पष्ट करणाऱ्या दस्तऐवजात, दिव्यांगांनी स्वतः चालवलेल्या संघटना आणि दिव्यांगांसाठी इतरांनी चालवलेल्या संस्था यांत स्पष्ट फरक केला आहे, आणि सल्लामसलतीत पहिल्या प्रकाराला प्राधान्य द्यायला सांगितले आहे. येथे दोन्ही संघटना दिव्यांगांच्याच होत्या, त्यामुळे या भाष्यातून थेट उत्तर मिळत नव्हते. महासंघाचे नेतृत्व बहुतांशी शहरी, शिकलेल्या आणि हालचालीचे अपंगत्व असलेल्या पुरुषांचे होते. डोंगरातल्या नळाचा त्यांना अनुभव नव्हता. गटाला तो होता, पण त्याच्याशी आर्थिक करार करण्यास संस्थेचा लेखा विभाग तयार नव्हता, कारण नोंदणीच नव्हती.

या मुद्द्यावर बरेच दिवस गेले, आणि अडचणीच्या मुळाशी पैशापेक्षा एक समजूत होती. गटातील सदस्यांना सल्ल्याचे मानधन द्यावे असा प्रस्ताव आला तेव्हा लेखा विभागाने हरकत घेतली, की हे लोक लाभार्थी आहेत आणि लाभार्थ्याला मानधन देता येत नाही. त्याच आठवड्यात भूजलतज्ज्ञाला दिवसाच्या दराने मानधन मंजूर झाले होते. मजुरीवर जगणाऱ्या माणसाला दिवसभर बैठकीला बसवून रिकाम्या हाताने घरी पाठवणे म्हणजे सल्ल्याचा खर्च त्याच्याच खिशातून वसूल करणे होय, ही बाब मान्य व्हायला प्रकल्प व्यवस्थापकांना वरिष्ठांपर्यंत जावे लागले. शेवटी महासंघाशी करार करून त्याच्यामार्फत गटातील सदस्यांना इतर सल्लागारांप्रमाणे मानधन, प्रवासखर्च आणि सोबत येणाऱ्या मदतनीसाचा खर्च देण्याचे ठरले. महासंघाने यासाठी व्यवस्थापन खर्च घेतला. तो वाजवी होता, पण त्या बदल्यात गटाला नोंदणीसाठी मदत करण्याची अट करारात घालायला हवी होती, ती राहून गेली.

सल्लामसलतीत कोण आले नाही हेही नोंदवायला हवे. कर्णबधिर सदस्यांसाठी राजधानीतून सांकेतिक भाषेचा दुभाषी आणला गेला, तेव्हा लक्षात आले की वस्त्यांतील बहुतेक कर्णबधिर व्यक्तींना ती प्रमाण सांकेतिक भाषा शिकायची संधीच मिळालेली नाही. त्या घरातल्या घरात तयार झालेल्या खुणांनी बोलतात. दुभाष्याबरोबर एका अनुभवी कर्णबधिर व्यक्तीला बसवून, चित्रे आणि प्रत्यक्ष वस्तू वापरून काही अंशी वाट निघाली. बौद्धिक किंवा मनोसामाजिक (मानसिक आरोग्याशी निगडित) अपंगत्व असलेल्यांच्या वतीने मात्र नातेवाईकच बोलले, तेही थोडेच.

तिसरा निर्णय: बांधकाम थांबवायचे का

मोजणी आणि सल्लामसलत चालू असताना दुसऱ्या टप्प्याची निविदा निघून गेली होती. पावसाळ्याआधी काम उरकले नाही तर ते पुढच्या हंगामापर्यंत लांबणार होते आणि निधीची मुदतही त्याच सुमारास संपत होती. चार पर्याय चर्चेत आले.

पहिला, काम ठरल्याप्रमाणे पुरे करायचे आणि नंतर उतार जोडायचे. कंत्राटदाराने तसा नकाशाही दिला होता, त्यात उताराची लांबी २.४ मीटर धरली होती. ६० सेंटीमीटर उंचीसाठी हा चढ १:४ पडतो. स्वतःच्या हातांनी व्हीलचेअर चालवणाऱ्याला तो चढवत नाही आणि उतरताना तोल जाण्याचा धोका असतो. सर्वसाधारणपणे स्वीकारलेल्या १:१२ या प्रमाणाने त्याच उंचीला ७.२ मीटर लांब उतार लागतो आणि बहुतेक जागांवर तेवढी जमीनच नव्हती. दुसरा पर्याय प्रत्येक वस्तीत दिव्यांगांसाठी एक वेगळा नळ बांधण्याचा. गटाने तो तेथल्या तेथे नाकारला. रांगेत सर्वांबरोबर उभे राहता यावे हीच त्यांची मागणी होती, आणि वेगळा नळ बिघडला तर त्याच्या दुरुस्तीसाठी समितीवर दबाव टाकणारे कोणी उरणार नाही, हा व्यवहारी मुद्दाही त्यांनी मांडला. तिसरा, सर्व काम थांबवून सगळे नकाशे नव्याने करायचे. तत्त्वतः हा सर्वांत स्वच्छ मार्ग होता, पण पाण्याची वाट पाहणाऱ्यांत दिव्यांगही होते आणि आणखी एक कोरडा हंगाम त्यांनाच सर्वांत जड गेला असता. चौथा पर्याय मिश्र होता: जेथे खोदाई झालेली नाही तेथील काम सहा आठवडे थांबवायचे, जेथे झाली आहे तेथे शक्य ते बदल करून काम पुढे न्यायचे, आणि निधी देणाऱ्या सरकारकडे रकमेच्या फेरवाटपाची परवानगी मागायची.

चौथा पर्याय स्वीकारला गेला. परवानगीच्या अर्जात संस्थेने कलम ३२ चा आधार घेतलाच, शिवाय प्रकल्पाला आधीच मिळालेल्या १ गुणाकडेही बोट दाखवले: हा गुण खरा ठरवायचा असेल तर त्यासाठी रक्कम लागेल. हा युक्तिवाद उपयोगी पडला. मला त्यातून एवढे दिसते, की नुसत्या नोंदीपुरता राहिलेला निर्देशकसुद्धा कोणी त्याचा हिशेब मागितला तर कामाला लावता येतो.

केलेली कार्यवाही

नकाशे बदलण्याआधी एका वस्तीत नळकोंडाळ्याची पूर्ण आकाराची तात्पुरती मांडणी करण्यात आली. जमिनीवर चुन्याने रेषा आखल्या, विटा रचून ओट्याच्या कडा केल्या आणि एका खांबाला वेगवेगळ्या उंचीवर तोट्या बांधल्या. गटातील सदस्यांनी भरलेल्या बादल्यांसह ती वापरून पाहिली, अभियंते बाजूला उभे राहून मोजमापे घेत होते. कुबड्या घेऊन चालणारे एक गृहस्थ नळापर्यंत आले, बादली ठेवली आणि थांबले. तोटी उघडायला एक हात आणि बादली सरळ धरायला दुसरा हात लागतो. मग या दोन कुबड्या ठेवायच्या कुठे, असे त्यांनी विचारले. नकाशात याचे उत्तर नव्हते. खांबालगत कुबड्या अडकवण्यासाठी खाच आणि एका हाताने धरता येईल अशी दांडी, हे दोन्ही बदल त्या प्रश्नातून आले. बादली पूर्ण जमिनीवरून उचलावी लागू नये म्हणून गुडघ्याच्या उंचीचा कट्टाही तेथेच सुचवला गेला, आणि त्याचा फायदा गरोदर स्त्रिया व वृद्धांनाही होणार हे पाणी समितीतल्या बायकांनी आपणहून सांगितले.

ओट्याच्या उंचीचा प्रश्न मात्र अनपेक्षित रीतीने सुटला. ६० सेंटीमीटर उंची का ठेवली, असे विचारल्यावर उघड झाले की मूळ नकाशा पूर येणाऱ्या सखल भागासाठी केलेल्या दुसऱ्या कामावरून जसाच्या तसा उचलला होता. डोंगरउतारावर पाणी साचण्याची भीती नव्हती. ओटा उताराच्या पोटात थोडा खोदून बसवला तर वरच्या अंगाच्या पायवाटेवरून सपाट प्रवेश मिळत होता. पायऱ्याही नकोत आणि उतारही नको. बहुतेक नव्या जागांवर हाच उपाय वापरला. गोल तोट्यांऐवजी दांडीच्या तोट्या बसवल्या, नालीवर अरुंद फटींची जाळी आली, ओट्याच्या कडा ठळक रंगात रंगवल्या आणि पायवाटेचा पोत बदलून काठीला नळाची दिशा कळेल असे केले. शौचालयांत दार बाहेर उघडणारे व ९० सेंटीमीटर रुंद, आत व्हीलचेअर वळवण्यासाठी १५० सेंटीमीटर व्यासाची मोकळी जागा, बसण्याची उंच बैठक, दोन्ही बाजूंना दांड्या आणि खालच्या उंचीवर कडी असे बदल झाले. ज्या नकाशांत हे सुरुवातीपासून धरले तेथे वाढीव खर्च किरकोळ होता. जेथे बांधलेले फोडावे लागले तेथे तो फार वाढला.

सर्वांत अवघड प्रश्न नळापलीकडचा होता. नळ वापरता आला तरी कुबड्यांवर चालणारी व्यक्ती भरलेली बादली घरी कशी नेणार? काही घरांपर्यंत बारीक नळजोडणी देण्याचा पर्याय पुढे आला. जलवाहिनीच्या दाबामुळे अशा जोडण्यांची संख्या मर्यादित होती आणि पाणी समित्यांनी हरकत घेतली, की सार्वजनिक पैशातून काहींनाच घरी पाणी देणे अन्यायाचे आहे. प्रकल्प व्यवस्थापक हा विषय बंद दाराआड मिटवण्याच्या विचारात होते. गटाने उलट आग्रह धरला, की निकष भर गावसभेत वाचून दाखवावेत: चालण्यात किंवा स्वतःची कामे करण्यात ‘खूप अडचण’ असणे, आणि दिवसा घरात पाणी आणू शकणारे दुसरे कोणी नसणे. काही वस्त्यांत यावर तीन-तीन तास वाद झाला, एका वस्तीने प्रस्ताव फेटाळला, पण बहुतेक ठिकाणी निकष मान्य झाले आणि नावे गावानेच ठरवली. जेथे जोडणी शक्य नव्हती तेथे घराजवळ साठवणीची टाकी आणि वाटेत बादली टेकवण्याचे कट्टे एवढ्यावर भागवावे लागले.

निष्पत्ती

दुसऱ्या टप्प्यातील नवी नळकोंडाळी आणि शौचालये सुधारित नकाशांनुसार उभी राहिली, आणि ती सर्वच वयाचे लोक वापरताना दिसतात. पहिल्या टप्प्यातील कामांपैकी काहींत तोट्या, जाळ्या आणि दांड्या बदलता आल्या, काही ओटे मात्र जागेअभावी पायऱ्यांसह तसेच राहिले. त्या वस्त्यांतील दिव्यांगांसाठी प्रकल्पाने काय केले, याचे प्रामाणिक उत्तर फारसे काही नाही असेच आहे.

पाणी समित्यांत दिव्यांगांसाठी जागा राखल्या गेल्या. जेथे गटाचे सदस्य निवडून आले तेथे त्यांचा आवाज पोहोचला. इतर ठिकाणी सदस्याच्या नावाने भाऊ किंवा मुलगा बैठकीला येत राहिला. स्त्रियांच्या बाबतीत हे जास्त घडले. पाणी पिणे टाळणाऱ्या ज्या बाईंचा वर उल्लेख आला त्यांच्या घरी जोडणी मिळाली, पण घरातले शौचालय प्रकल्पाच्या कक्षेत बसत नसल्यामुळे त्यांची मूळ अडचण अर्धीच सुटली.

अंतिम अहवालासाठी निधी देणाऱ्या सरकारने ‘सुगम्य नळकोंडाळ्यांची संख्या’ एवढाच आकडा मागितला होता. ती किती जणांना, कोणाच्या मदतीविना वापरता येतात, हे कोणी विचारले नाही. स्थानिक संस्थेने स्वतःहून घरातील प्रत्येक व्यक्तीनुसार वापराची छोटी पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष अहवालाला जोडले. त्यांतून दिसले, की चालण्यात व पाहण्यात अडचण असलेल्यांचा वापर वाढला, पण लक्षात ठेवणे व संवाद यांत अडचण असलेल्यांच्या बाबतीत बदल जाणवण्याइतका नव्हता. त्यांचा अडथळा ओट्याची उंची हा नव्हताच; रांगेत होणारी टवाळी आणि घरच्यांनी एकट्याने बाहेर न सोडणे ही कारणे होती, आणि त्यांवर प्रकल्पाने काही योजलेच नव्हते.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट अंदाजपत्रकाची. प्रस्ताव लिहितानाच सुगम्यता, मदतनीस, दुभाषी आणि मानधन यांसाठी वेगळी रक्कम ठेवली असती तर फेरवाटपाच्या परवानगीत गेलेला वेळ वाचला असता आणि पहिल्या टप्प्यातील ओटेही सुधारता आले असते. या क्षेत्रात अनेक संस्था एकूण खर्चाच्या ३ ते ५ टक्के इतकी तरतूद ढोबळ मानाने सुचवतात. आकडा परिस्थितीनुसार बदलेल, पण तो शून्य असेल तर प्रस्तावातले वाक्य पाळले जाणार नाही हे पहिल्या दिवशीच सांगता येते.

दुसरी गोष्ट क्रमाची. जिल्हा गट प्रकल्पाच्या आधीपासून अस्तित्वात होता आणि त्याला शोधणे कठीण नव्हते. निविदेपूर्वी त्याच्यासोबत एक दिवस चुना आणि विटांची मांडणी केली असती तर उसना नकाशा तेथेच पकडला गेला असता. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महाग चूक हीच: चर्चा अशा वेळी सुरू झाली, जेव्हा बदलण्यासारखे निम्मेच शिल्लक होते.

तिसरी गोष्ट दुहेरी मार्गाची. सर्वसाधारण सेवा सर्वांना वापरता येईल अशी करणे आणि त्याच वेळी दिव्यांगांना लागणारे खास साहाय्य पुरवणे, असे दोन्ही मार्ग एकदमच चालवावे लागतात. प्रकल्पाने पहिला मार्ग उशिरा का होईना नीट हाताळला. दुसऱ्यात घरजोडण्यांपलीकडे फार काही झाले नाही. घरातील शौचालय, चालण्याची साधने, वस्तीतील टवाळीबद्दल समित्यांशी उघड बोलणे यांतले सगळे एका पाणी प्रकल्पाने करावे अशी अपेक्षा नाही, पण आरोग्य व समाजकल्याण विभागांशी जोडून देण्याचे काम त्याच्या आवाक्यातले होते.

देखभालीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दांडीच्या तोट्या जिल्ह्याच्या बाजारात सहज मिळत नाहीत, आणि एक मोडली की समिती तिच्या जागी पूर्वीसारखी गोल तोटी बसवते. दोन ठिकाणी तसे झालेही आहे. दुसऱ्या प्रकल्पाच्या प्रस्तावात सुट्या भागांचा साठा आणि गटातील दोन सदस्यांना दुरुस्तीचे प्रशिक्षण अशी मागणी स्थानिक संस्थेने घातली आहे. गटाची नोंदणी दरम्यान पूर्ण झाली असून या वेळी तो प्रस्तावात सहभागी संस्था म्हणून आहे, स्वतःच्या स्वतंत्र अंदाजपत्रकासह. प्रस्ताव सध्या निधी देणाऱ्या सरकारच्या विचाराधीन आहे.